ह्यांची दोन मानसं धरा

वास सुटला बगा. इंद्रायनीचा. सकाळी गोठ्यात शेन भरत व्हते, आन वरच्या खाचराकडनं वाऱ्याची झुळूक आली ती भातच घेऊन आली. पाटी तितंच ठिवली आन अंगनात येऊन हुबी ऱ्हायले. हात शेनाचे आन नाकात भाताचा वास. माजं मलाच हसाया आलं. एवढी म्हातारी झाले, एवढी भातं कापली, तरी हा वास आला की पोटात गुदगुल्या व्हत्यात. कुनीतरी माह्यारासनं येनार हाय म्हनल्यावर व्हतं ना, तसं.

आन ह्या साली तर विचारूच नका. उद्या सावड आमच्याकडं हाय.

सून अंगनातलं खळं सारवतीया. लेकानं, दत्तूनं, टाकव्याच्या लोहाराकडनं इळ्यांना दातं पाडून आनल्यात. वळचनीला खोचलेत, ऊन पडलं की लकलक करत्यात. पलीकडनं हिराबाईचा आवाज येतोय, "चांगुनाबाई, भाकऱ्या किती टाकनार हायेस? मागल्या खेपेला कालवन पुरलं न्हवतं!" पुरलं न्हवतं कुटलं, दोनदा मागून घेतलं तिनं. पन हिराबाईनं टोमना मारला न्हाई तर तिला भाकर पचत न्हाई.

सावड म्हंजी काय, ते शेरातल्या मानसाला सांगाया लागतं. आज माज्या खाचरात समद्या वाडीनं यायचं, उद्या तुज्या, परवा तिच्या. मजुरी न्हाई, हिशेब पैशाचा न्हाई. तुज्या घरचं किती मानूस माज्याकडं आलं, तेवढं मानूस मी तुज्याकडं पाठवायचं, येवढंच. ते ध्यानात ठिवायचं काम हिराबाईचं. सांजच्याला ती बांधावर हुबी ऱ्हाती आन बोटांवर मोजत मोजत म्हनती, ह्या घरचं एक, त्या घरची दोन. तिनं म्हनलं की झालं. सावडीत हायेस म्हंजी वाडीत हायेस. सावडीतनं सुटलीस की मग तू नुसती ऱ्हातीस, वाडीत नसतीस.

आमी गेल्या साली सुटलो व्हतो. तेच मला आज सकाळपास्नं आठवतंय.

गेल्या साली ह्याच दिवसांत माजी सून सुनंदा भितीला टेकून बसायची. हाच वास व्हता, हेच ऊन व्हतं. त्याच्या आधी तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली व्हती, तितनं पुन्याचा दवाखाना सुरू झाला. केमोच्या सुया झाल्या, आपरेशन झालं, मग मशिनीखाली निजवून लाईट द्यायचे ते झालं. केस गेलं, भुवया गेल्या. तोंडाची चव अशी गेली की म्हनायची, "आत्या, भात खाल्ला का माती खाल्ली काय बी कळंना."

पन खरं सांगती, त्या दिवसांत वाडीनं आमाला उचलून धरलं. खरंच उचललं. भर पावसात वड्याला पानी व्हतं तवा हिराबाईनं सुनंदाला पाठकुळी मारून रस्त्यापतूर जीपगाडीकडं नेलं. म्हनाली, "गप बस गं, लाकडाची मोळी तुज्यापरीस जड असती." कुनी आमची गुरं सोडली, कुनी आमची आवनी उरकून दिली. मी दवाखान्यातनं आले की चुलीवर कुनीतरी भात शिजवून झाकून ठिवलेला असायचा. कुनी ते विचाराया नको.

मग शेवटचा लाईट झाला. डाक्टर म्हनले, उपचार संपले, आता तीन म्हैन्यानं दाखवाया या. दत्तूनं पेढे आनले. समदी वाडी आली, सुनंदाची ओटी भरली, हिराबाईनं तिच्या टकलावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "सुटलीस गं बाई!" लय हसलो आमी त्या दिवशी.

आन दुसऱ्या दिवशी कुनीच आलं न्हाई.

वाईट न्हवतं कुनी. ज्याची त्याची कामं व्हती. आजार संपला म्हनल्यावर कशाला येतील? दत्तू बी लोनावळ्याला हाटेलात कामावर गेला परत, त्याचं लय खाडं पडलं व्हतं. घरात ऱ्हायलो आमी दोघी. सुनंदा भितीला टेकून, आन मी तिच्याकडं बगत. तिचा डावा हात सुजून भोपळ्यावानी झालेला. खांद्याच्या वर जाईना. बसल्या बसल्या दम लागायचा. जरा खोकली की ती माज्याकडं बगायची आन मी तिच्याकडं. आलं का परत? ते शब्दानं कोन विचारनार?

आजार असतो तवा समद्यांना कळतं काय करायचं. पानी द्या, गाडी बगा, डबा आना. आजार गेल्यावर काय करायचं ते कुनालाच म्हाईत नसतं. ज्याचा गेला त्याला बी न्हाई.

मी तर झोपायचंच इसरले व्हते. ती श्वास घेती का न्हाई तेवढं ऐकत पडायचं. ह्यात काय मोठं न्हाई, आमी असल्या लय गोष्टी काढल्यात. मालक गेले तवा दत्तू पाळन्यात व्हता. दुसऱ्याच्या बांधावर पोर निजवून मी खाचरं लावल्यात. पन तवा मला कळत व्हतं की पोराला दूध लागतं. हितं काय लागतं तेच कळंना.

तर पहिल्यांदा दाखवाया गेलो तवा एक सिस्टर भेटली. दवाखान्यातनं रिटायर झालेली, चष्मा गळ्यात अडकवलेला. म्हनाली, "आम्ही कामशेतला बाजाराच्या दिवशी जमतो. ज्यांची ट्रीटमेंट संपलीय ते, आणि त्यांच्या घरचे. चहा असतो. या." मी म्हनलं, दवाखान्याचा च्या आता बास. पन सुनंदाच म्हनाली, "जाऊ आत्या. निदान बाजार तरी बगू."

एक खोली व्हती. सतरंजी टाकलेली. बायका व्हत्या, दोन-चार बाप्ये व्हते. निम्म्यांची डोकी सुनंदासारकीच, कुनाचं केस बोटभर, कुनाचं नुसतं कुरळं कुरळं आलेलं. सुनंदानं डोईवरचा पदर कवा सोडला मला कळलंच न्हाई. घरात बी सोडत न्हवती ती.

सिस्टरनं समद्यांना इचारलं, कसं चाललंय. लोनावळ्याचा एक जन व्हता, गुलाबभाऊ नावाचा, चिक्कीच्या कारखान्यात गुळाच्या कढईवर असतो. हाताला पाकाचं चटकं. तो म्हनाला, "डॉक्टर म्हणाले, संपलं. घरी आलो तर घर म्हणतंय, आता सुरू." समदी हसली. त्याची बायको, शालन तिचं नाव, तिला तोंडाचा झाला व्हता. जबड्याचं आपरेशन झालेलं. ती आलीच न्हवती. "दाराबाहेर पाऊल टाकत नाही मावशी," तो मला म्हनाला. "आरसा उलटा करून ठेवलाय. मी बोलतो, ती पाटीवर हो-नाही लिहिते. जीभ आहे, पण बोललं की वेडंवाकडं येतं, म्हणून बोलतच नाही."

मग सिस्टर माज्याकडं वळली. "मावशी, तुम्ही कशा आहात?"

मी म्हनलं, "मला काय धाड भरलीय? आजारी ती हाय."

"ते मला माहितीय. तुम्ही शेवटच्या नीट कधी झोपला होतात?"

मी कंबरेची चंची काडली. बोलाया काय नसलं की मी पान लावती. सिस्टरनं चंची घेतली हातातनं, त्यातली तंबाखू काडून पार गटारात वतली, आन चुन्याची डबी तेवढी माज्या हातात परत दिली. "हे ठेवा. कामाला येईल." मला राग असा आला! पन सांगू का, अख्ख्या सालात मला कुनी इचारलं न्हवतं मी कशी हाय म्हनून. आन इचारलं म्हनूनच राग आला आसंल.

चुना कामाला आला. सिस्टरनं सुनंदाला शिकवलं, भितीकडं तोंड करून हुबं ऱ्हायचं आन डाव्या हाताची बोटं भितीवरनं वर वर चढवायची. मुंगी चढती तशी. जितं दुखंल तितं थांबायचं, दुसऱ्या दिवशी जरा वर. हाताला चीर पडू द्यायची न्हाई, ओझं घ्यायचं न्हाई, सूज लाल झाली, ताप आला तर लगीच दवाखाना. मी काय केलं, बोटाला चुना लावायची आन सुनंदाचं बोट पोचंल तितं भितीवर ठिपका द्यायची. पडवीची शेनानं सारवलेली भित, त्यावर पांढरे ठिपके. पहिले कमरंला. मग छातीला. सकाळ झाली की आधी भितीकडं जायचो आमी दोघी, च्या मागनं. "आत्या, आज वर गेलं का?" "गेलं गं, येवढं गेलं!" नखभर गेलं आसंल, पन मी येवढं म्हनायची. दत्तू सुट्टीवर आला तर भितीकडं बगून म्हनाला, "घरात काय चांदन्या उगवल्या काय?"

खरंच सांगती, त्या ठिपक्यांनी मला जेवढी मज्जा आनली तेवढी दिवाळीनं न्हाई आनली. ठिपके वळचनीकडं निगाले व्हते. वळचनीला इळे खोचलेले असत्यात, ते बी मला दिसत व्हतं.

आन दिवाळी सरली. वास सुटला. देवळाच्या पारावर सावड ठरवाया समदी बसली. सुनंदा घरी व्हती, मी गेले.

हिराबाई हुबी ऱ्हायली आन म्हनाली, "आधीच सांगती. चांगुनाबाईचं भात आपुन समदी मिळून कापून द्यायचं. त्यांच्याकडनं ह्या साली कुनी यायचं न्हाई. सुनंदानं आराम करायचा, चांगुनाबाईनं तिच्यापाशी बसायचं. काय गं, बराबर हाय ना?"

"व्हय, व्हय," समदी म्हनली. कुनीतरी म्हनलं, "मानुसकी हाय का न्हाई आपल्यात?" तोंड भरून साखर दिली तर थुकायची कशी?

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. चांगली बातमी म्हनून सांगितलं. ती म्हनाली, "म्हंजी आपलं घर सोडलं."

"सोडलं न्हाई गं. माया करत्यात."

"आत्या, सुया टोचल्या तवा मी रडले न्हाई. केस गेलं तवा बी न्हाई." आन मग ती रडाया लागली. "आपलं भात धर्माचं कापनार? मी आता फुडं कायम धर्माची का?"

तवा माज्या डोस्क्यात उजेड पडला. हिचा आजार वाडीच्या मनात संपला न्हवता. दवाखान्यानं सोडलं, पन वाडीनं हिला आजारी म्हनूनच ठिवली. आन ते मायेनं केलं, म्हनून त्याच्याशी भांडता बी येईना. ह्या साली आमी सुटलो, की पुढल्या साली कोन कशाला मोजंल?

सावडीचा पहिला दिवस हिराबाईच्याच खाचरात व्हता. सकाळी उठले, बगती तर सुनंदा जाग्यावर न्हाई. गोठ्यात न्हाई, वड्यावर न्हाई. पडवीत आले आन माजी नजर वळचनीकडं गेली.

इळा न्हवता.

खाली बगितलं, पाट न्हाई, पेटी न्हाई, कशावर चढल्याची खून न्हाई. आन वळचनीच्या खाली, ठिपक्यांच्या लय वर, भितीला बोटाचा घासलेला डाग. ताजा. त्याच हाताचा!

मी धावले. आता ह्या वयात मी धावती म्हंजी काय, कोंबडी बी मागं वळून बगती. पन धावले. एकीकडं छाती फुटंल येवढा आनंद की हात वर गेला, आन एकीकडं भ्या की ही आता भाताला हात घालनार. डाव्या हातात भाताची मूठ धरायची असती, भाताची पात पात्यावानी कापती. सिस्टरचं बोलनं कानात. चीर पडू द्यायची न्हाई.

खाचरावर पोचले तर समद्या बायका कमरंवर हात देऊन हुब्या. मधी सुनंदा. दत्तूचा बाह्यांचा सदरा लुगड्यावरनं घातलेला, डोईला पदर घट.

हिराबाई वरडत व्हती, "आगं ए सुने, तू कशाला आलीस? परवा ठरलं न्हवं?"

"ठरलं तवा मी कुटं व्हते?"

"हात बग की तुजा! इळा लागला म्हंजी? दत्तूला काय तोंड दावू मी?"

"इळा आत्यांचा हाय. मी काडून आनला फक्त." असं म्हनून तिनं इळा माज्या हातात दिला. "मी भाताला हात लावनार न्हाई, मावशी."

"मग करनार काय हितं? जत्रा बगनार?"

सुनंदानं बांधाकडं हात केला. तितं एक काळा दगड हाय, बसायजोगा. "तुमच्या सासूबाई तितं बसून काय करायच्या?"

हिराबाईची सासू आंधळी व्हती. तिचं डोळं गेलं तरी ती सावडीला यायची. लेक तिला धरून आनायचा, आन त्या दगडावर बसून ती दिसभर पाखरं हाकायची. दिसत काय बी न्हवतं, पंखांचा आवाज आला की वरडायची. भाताला कवा बोट लावलं न्हाई तिनं.

सुनंदा म्हनाली, "त्यांचं मानूस धरत व्हता का न्हवता?"

"धरत व्हतो," मागनं एक जन हळूच बोलली. "कायम धरलं."

हिराबाईनं सुनंदाकडं बगितलं. माज्याकडं बगितलं. नाक उडवलं. "माजी सासू पाखरांना नुसती हाकत न्हवती. शिव्या द्यायची. समद्या पाखरांची सात पिढ्यांची नावं तिला म्हाईत व्हती. तुला येत्यात का शिव्या?"

"शिकीन की. तुमी हाय ना शेजारी."

अशी हसली समदी खाचरं! हिराबाई बी हसली, आन हसता हसता पदरानं डोळं पुसलं, आन म्हनाली भाताची कूस गेली डोळ्यात. अजून एक काडी कापली न्हवती, कूस कुटनं आली?

सुनंदा दगडावर बसली. पोपटांचा थवा आला, हिरवा गर्रकन. आन तिनं आवाज दिला. "हुईईई...य!"

पहिल्यांदा फाटकाच आला. अख्खं साल ती पुटपुटत व्हती, कवा मोठ्यानं बोलली न्हवती. मग तिनं श्वास घेतला आन परत दिला. तो आवाज खाचरं वलांडून, वडा वलांडून समोरच्या डोंगराला जाऊन आपटला आन परत आला. पोपट तर उडालेच, पल्याडची गुरं बी माना वर करून बगाया लागली. आमच्या हातातल्या मुठी हातात ऱ्हायल्या. हिराबाई म्हनाली, "आगं बया. ही कुटं आजारी हाय!"

त्या दिवशी मी येक गोष्ट केली ती सांगती. मी सुनंदाकडं पाठ केली. खाली वाकले आन भात कापाया लागले. सरसर सरसर. समद्यांचं डोळं तिच्यावर व्हतं, म्हनून माजं डोळं मोकळं झालं. अख्ख्या सालात पहिल्यांदा मी तिला बगत न्हवते, आन ती हाय का न्हाई ते मला पाठीनं ऐकू येत व्हतं. हुईईय म्हनली की मी आनिक येक मूठ कापायची. तोंडाला फडकं बांधलेलं, कपाळावरनं घाम नाकापतूर, आन आत मी हसत व्हते, कुनाला दिसलं न्हाई.

दुपारी तिचा दम संपला. भाकर खाल्ली आन पेंढ्यांवर आडवी झाली ती झोपलीच. कुनी उठवलं न्हाई. पाखरांनी जे खायाचं ते खाल्लं. येक येक बाई पानी प्यायचं निमित्त करून तिच्यापाशी जाऊन बसायची, आन ती जागी झाल्यावर समद्यांनी इचारून घेतलं. लागतं का गं ते येकमेकीला? दुखतं का अजून? केस कुरळं कसं आलं? हिराबाईनं तर तिचा हात मांडीवर घेऊन सूज दाबून बगितली आन म्हनाली, "मी येत न्हवते गं तुज्याकडं. यावंसं वाटायचं, पन येऊन काय बोलायचं तेच कळंना. बरी झालीस म्हनू का कशी हायेस म्हनू?"

"कायबी म्हना," सुनंदा म्हनाली. "शिव्या द्या, पन या."

सांजच्याला हिराबाई बांधावर हुबी ऱ्हायली आन बोटांवर मोजाया लागली. ह्या घरचं एक, त्या घरची दोन. आमच्यापाशी आली. सुनंदा दगडावर, गुडघ्याभवती हात घालून, खाली बगत.

"चांगुनाबाईची दोन."

मागनं कुनाचं तरी आलं, "झोपलेलं बी धरायचं व्हय?"

हिराबाई फिरली. "झोपली तरी आपल्या बांधावर झोपली ना? दोन मानसं धरा!"

मी इळा कंबरेला खोचला आन सुनंदाचा हात धरून घरी आले. चालताना तिनं माजा हात लान पोरीवानी मागं-फुडं हलवला, तेवढं ध्यानात हाय.

सिस्टरला हे सांगितलं तर ती च्या प्यायचं इसरली. म्हनाली, "मावशी, हेच तर हवंय. सावडीत काम करून घेतात म्हणून नाही, तुम्हाला मोजतात म्हणून." त्या दिसापास्नं वाडीत आनिक एक सावड सुरू झाली, सोबतीची. दवाखान्यात दाखवाया जायाचं आलं की आधीचं आठ दिस सुनंदाला अन्न गोड लागत न्हाई. त्या दिसांत येक येक बाई येऊन बसती. हिराबाई बसली की मी माळ्यावर जाऊन झोपती. खुशाल झोपती, घोरती म्हनं. हिराबाई समद्या वाडीला घोरन्याची नक्कल करून दावती.

आता असं न्हाई की समदं झालं. हात अजून सुजतो. दाखवायाच्या दिवशी नंबर येईपतूर दोघींच्या तळहाताला घाम असतो. पुढल्या साली काय, ते म्हाईत न्हाई. कुनाला असतं? पन ह्या साली भात पिकलंय, आन ते उद्या कापायचं हाय.

आन उद्याची खरी गंमत तर मी सांगितलीच न्हाई अजून.

गुलाबभाऊची शालन. अख्खं साल तो एकटाच यायचा कामशेतला, चिक्कीचा पुडा घेऊन. ती घरातनं हलली न्हाई. लोनावळ्यात कोन कुनाला सावडीला बोलवतंय? हाटेलं आन बंगले. तोंड दिसंल म्हनून ती खिडकीत बी बसत न्हाई. मागल्या बाजाराला सुनंदानं गुलाबभाऊचा फोन घेतला आन शालनला लावला. ती बोलनार न्हाई हे म्हाईत असून लावला. म्हनाली, "ताई, आमच्यात भाताच्या झोडनीला समद्याच तोंडाला फडकं बांधत्यात. कूस उडती ना नाकातोंडात. नुसतं डोळं दिसत्यात. मी माज्या सासूला बी वळकत न्हाई. तुमी आलात तर कोन कुनाचं तोंड बगनार?"

तिकडनं काय आवाज न्हाई. पन फोन ठिवला बी न्हाई. लय येळ ठिवला न्हाई.

म्हनून दत्तूनं वड्यातनं येक दगड आनलाय पहारीनं लोटत लोटत, आमच्या बांधावर बसवलाय. मी त्यावर गोनपाट टाकून आले. दोनदा जाऊन आले, हलतो का बगाया. हिराबाईनं इचारलं, "त्या लोनावळ्याच्या बाईला पाखरं हाकता येत्यात का?"

"तिला आवाज काडाया जमत न्हाई, हिराबाई. आन जमलं तरी ती काडत न्हाई."

"मग तिला डबा दे वाजवाया. त्यात काय!"

सुनंदानं ते तसंच गुलाबभाऊला कळवलं. पन येनार का ती, ते कुनालाच ठाव न्हवतं. गुलाबभाऊला बी न्हाई. समदा दिस मी येक डोळा कामावर आन येक दत्तूच्या फोनवर ठिवून व्हते. आत्ता, दिवेलागनीच्या आधी, फोन वाजला. दत्तूनं समद्यांना ऐकू जाईल असा लावला. सुनंदा शेनाच्या हातानं पळत आली. हिराबाई भाकऱ्यांचं पीठ मागाया आलती, ती बी थांबली.

"मावशी," गुलाबभाऊ म्हनाला. "काही बोलू नका. फक्त ऐका."

आन आवाज आला. टन टन टन टन! पत्र्याचा डबा. कारखान्यातला रिकामा डबा आसंल. आधी हळू, मग जोरात, मग असा की फोन थरथराया लागला. त्यात मधीच वेडावाकडा, फाटका, तोंडातल्या तोंडात एक "हुईय".

सुनंदानं शेनाचा हात तसाच तोंडाला लावला. टन टन टन चालूच व्हतं.

हिराबाईनं सूप कंबरेला लावलं आन फोनकडं तोंड करून, डोंगरापल्याड ऐकू जाईल येवढ्या मोठ्यानं वरडली, "ह्यांची दोन मानसं धरा!"